धाकटीच्या भिंतीवरचं घड्याळ

मंगळवार, ४ मार्च
परत तेच! धाकटीचा फोन, आवाज नुसता फुललेला. "ताई, आज पण बाबा आले होते!" कामावरून दीडला घरी पोचली, तर भिंतीवरचं बंद घड्याळ चालू. पाच-सहा मिनिटं टिकटिक, मग गप्प. सलग पाचवा मंगळवार म्हणे.

बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा स्क्रू हातातून उडाला. अर्धा तास टेबलाखाली रांगत होते.

गुरुवार, ६ मार्च
झोंबतंय. कबूल करते, इथे कोण वाचतंय?

अकरा वर्षं बाबांना मी सांभाळलं. गोळ्या मी दिल्या, पाय मी चेपले, बोलणी मी खाल्ली. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मी चालवते — त्यांच्याच खुर्चीवर बसून, त्यांचंच भिंग डोळ्याला लावून. चौतीस घड्याळं आहेत इथे. त्यांना जाऊन पाच महिने झाले, एकानेही कधी एक टोला जास्तीचा दिला नाही. आणि भेटायला जातात धाकटीकडे! जी पंधरा दिवसांतून एकदा उगवायची, आणि "बाबा, किती वाळलात हो" म्हणून मलाच ऐकवायची.

ते घड्याळ त्यांनीच तिला लग्नात दिलेलं. तीन वर्षं बंद आहे. "करतो गं, करतो" म्हणत राहिले, आणि मग हातच थरथरायला लागले.

शुक्रवार, ७ मार्च
आत्या दुकानात येऊन म्हणाली, "अगं, ज्याच्यात जीव अडकलेला असतो त्याच्याकडेच येतात." माझ्या तोंडावर! चहा दिला तिला. बिनसाखरेचा.

रविवार, ९ मार्च
हत्यारं घेऊन धाकटीकडे गेले. ती घड्याळाच्या आडवीच उभी. "उघडू नको ना, ताई. राहू दे." नुसतं बघते, म्हटलं.

मागची झडप उघडली, तर चाकांवर शिवणयंत्राचं तेल! भसाभसा ओतलेलं, त्यावर धूळ बसून नुसता चिखल. घड्याळात हे तेल घालणाऱ्याचा बाबांनी हात मोडला असता. आणि धाकटीचा नवरा शिंपी. मंगळवारी त्याचं दुकान बंद!

हसूच फुटलं मला. "काय गं?" — "काही नाही, धूळ." घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. माझ्याकडे येत नाहीत ना? मग कुणाकडेच येत नाहीत!

सोमवार, १० मार्च
त्याच्या दुकानात गेले, सरळ विचारलं. त्याने मशीन थांबवलं, गळ्यातली टेप काढून ठेवली.

"पहिल्यांदा जळमटं काढताना लोलक चुकून हलला, ताई. तेवढ्यात ती घरात आली. तेव्हा जेमतेम दोन घास खात होती ती. त्या दिवशी पोटभर जेवली. मग मी दर मंगळवारी किल्ली देतो, लोलक हलवतो आणि मागच्या जिन्याने उतरतो. मध्ये अडकायला लागलं म्हणून तेल घातलं."

मशीनवरचं कापड सारखं करत म्हणाला, "सांगायचं तर सांगा. तुमचा हक्कच आहे. फक्त तिचं जेवण होऊ द्या."

बुधवार, १२ मार्च
सांगणार. खोटं ते खोटं! काल परत फोन केलाच तिने — सहावा मंगळवार.

शनिवार, १५ मार्च
सांगायलाच गेले होते. जिन्यात वाक्यसुद्धा पाठ केलं. धाकटी जेवत होती. मला बघून म्हणाली, "ताई, बाबा माझ्याकडे येतात म्हणून तुला राग येतो ना?"

मी तिच्यासमोर बसले.

"मला तुझा यायचा. तुम्ही दोघं दिवसभर एका टेबलाशी. मी आले की तुमचं बोलणं थांबायचं. पाहुणीसारखी बसायचे मी. आता निदान ते तरी पाहुण्यासारखे येतात माझ्याकडे."

पाठ केलेलं वाक्य राहूनच गेलं. तिच्या ताटात आणखी वाढलं.

ती आत हात धुवायला गेली तेव्हा घड्याळाची झडप पुन्हा उघडली. साफ करायला फार तर तासाभराचं काम. पण साफ झालं की रोजच चालणार, मग मंगळवारचे बाबा कुठले? चिखल तसाच ठेवला, झडप लावली. नादुरुस्त घड्याळ समोर असताना हात आवरले — आयुष्यात पहिल्यांदा. फार जड गेलं. आणि जळफळाट? तो आहेच की!

शुक्रवार, २१ मार्च
धाकटीच्या नवऱ्याचा फोन. "ताई, दुरुस्त करून गेलात, मला सांगायचं तरी! मंगळवारी हलवलं ते आज चौथा दिवस, थांबायचं नाव नाही. मिनिटाचा फरक नाही. उघडून बघितलं, तर आत कसं लख्ख केलंयत! तेलाचा डागसुद्धा नाही."

मी काही केलेलं नाही. त्या झडपेला पुन्हा हातसुद्धा लावलेला नाही.

"हो," म्हटलं, "मीच केलं."

तेवढं तरी माझ्या नावावर असू दे.