बंद भट्टीची पाहणी

१४ मार्च १९७८

शेवटी माझ्यावरच आलं! हयग्रीवरावांनी सकाळीच पाच फायली टेबलावर आपटल्या. "वेंकटरमणा, यंदा पाहणी तुझी. ३१ तारखेच्या आत. सायकल आहे ना? मग झालं."

हयग्रीवराव आमच्या कक्षाचे सुपरिंटेंडेंट. नजरबादच्या या जुन्या बंगल्यातून कॉलेजांना संशोधनाचं सरकारी अनुदान जातं. देणारं सरकार, ठरवणारी समिती, आणि कागद सरळ लावणारा मी. दर मार्चला कक्षातल्या कुणीतरी जाऊन संशोधनातून झालेली वस्तू डोळ्यांनी पाहायची, पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत वर्णन लिहायचं, खाली सही. वस्तू पाहिली नाही तर पुढचा हप्ता नाही. हप्ता नाही तर प्रकल्प बंद.

इतकी वर्षं हे भुजंगराव करायचे. ते निवृत्त झाले. मी पी.यू.सी. नापास, मला संशोधनातलं काय कळणार? तसं म्हटलं तर हयग्रीवराव म्हणाले, "कळायचं कुठं आहे? पाहायचंय. डोळे पास आहेत ना?"

१६ मार्च

काँक्रीटचे ठोकळे पाहिले. वर्णन सोपं होतं.

१७ मार्च

पंप पाहिला. कौतुकानं चालू करून दाखवला. आपादमस्तक भिजलो. "पाणी जोरात येते" असं लिहिलं. आमचं शिवणकामाचं दुकान लष्कर मोहल्ल्यात — तिथंच अण्णांनी, माझ्या वडिलांनी, शर्ट इस्त्रीखाली वाळवला. "सरकारी पाणी रे," म्हणाले, "डाग पडायचा नाही."

२० मार्च

सरस्वतीपुरम. कॉलेजच्या मागच्या अंगाला एक खोली, वर मोठ्या झाडाची सावली. डॉ. वेदवती तिथं सेमीकंडक्टरचं काम करतात. पन्नाशीच्या आसपास. पदर खोचलेला, हाताला राखाडी भुकटी. मी मराठीत नाव सांगितलं तशा मोकळ्या झाल्या. "बन्नी, बन्नी, आत या. चप्पल बाहेर. धूळ नको."

मधोमध भट्टी. माणसाएवढा उंच विटांचा खांब. आत बंद काचनळी, नळीत दोन धातूंचा वितळलेला रस. घड्याळाच्या यंत्रासारखी एक मोटर ती नळी खाली उतरवते. दिवसाला किती? वेदवतीबाईंनी बोटांच्या चिमटीत माप दाखवलं — तांदळाच्या एका दाण्याएवढं! खाली भट्टी कमी तापलेली. तिथं पोचलेला रस थिजतो, पण कसाही नाही, कणावर कण, रांग न मोडता. सगळा थिजला की एकच अखंड क्रिस्टल. "त्याची चकती कापली," त्या म्हणाल्या, "की अंधारात माणूस उभा असला तरी त्याच्या अंगाची ऊब तिला कळेल."

खिडकीत एका बरणीत तुरटीचा क्रिस्टल दोऱ्याला लटकत होता. विद्यार्थ्यांनी केलेला. त्यातून ऊन आरपार जाऊन भिंतीवर पडलं होतं. "वाढायची रीत तीच," बाई म्हणाल्या. "पोरांचा पाण्यातून, माझा रसातून."

मी फायल काढली. वस्तू दाखवा म्हटलं.

"११ एप्रिलला या."

"मला ३१ मार्चच्या आत पाहायला हवी!"

"याआधी दोनदा केला. दोनदा वीज गेली, दोनदा फुटला. हा तिसरा. आत्ता उघडली तर तुकडे दाखवीन. तुकड्यांची पाहणी चालते का तुमच्याकडे?"

 मी भट्टीच्या भिंतीला हात लावला. कोमट होती.

२१ मार्च

ऑफिस सुटल्यावर पुन्हा गेलो. काम काहीच नव्हतं. स्टुलावर बसलो. बाई वह्या तपासत होत्या. मोटरचा आवाज इतका बारीक की आधी ऐकूच येत नाही, मग त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

२२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत डोळा लागला. सगळं नजरबाद खाली उतरत होतं. बंगला, चिंचेचं झाड, उभ्या केलेल्या सायकली. दिवसाला एक तांदूळ इतकं सावकाश, त्यामुळे कुणालाच कळत नव्हतं. खाली गारवा होता. जो तिथं पोचेल त्याला आपली जागा आपोआप सापडत होती. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. माझी पाळी आली होती, एवढ्यात हयग्रीवरावांनी घंटा वाजवली. "येनप्पा, निद्देना? सरकारी खुर्चीत झोप?"

२४ मार्च

खरं तेच लिहिलं: "भट्टी पाहिली. भिंत कोमट आहे. मोटर चालू आहे. आत क्रिस्टल वाढत आहे असे सांगण्यात आले."

अहवाल परत! हयग्रीवरावांनी तो दोन बोटांत मांजराच्या पिलासारखा धरला होता. "अरे, भिंत कोमट हे काय वर्णन? तू डॉक्टर आहेस का ताप बघायला? वस्तू पाहिलीस की नाही, हो की नाही, तेवढं सांग."

"नाही."

"मग तसं लिही. भट्टी थंड. बाई घरी. साकु, पुरे आता, मला इतर कामं आहेत."

मग खालच्या आवाजात म्हणाले, "एप्रिलअखेर तुझी नोकरी पक्की व्हायचीय. कोरा अहवाल गेला तर वरचे विचारतील, याला पाठवलं कुणी?"

२५ मार्च

वेदवतीबाईंना सगळं सांगितलं. मुदतवाढीसाठी त्यांनी आधीच दोन पत्रं पाठवली होती, उत्तर नाही.  मग म्हणाल्या, "जे पाहिलंत तेवढंच लिहा, वेंकटरमण. माझं मी बघेन."

बघणार काय? अकरा वर्षं त्या या एका क्रिस्टलच्या मागे आहेत.

२७ मार्च

पहाटे तो दिसला.

बोटाएवढा जाड, एका टोकाला निमुळता. आरपार! अलीकडून पाहिलं की पलीकडे धरलेलं बोट दिसत होतं, बोटावरच्या रेषासुद्धा. आत कुठेतरी पहाटेचा उजेड राहून गेल्यासारखा. मधे केसाएवढी एक रेघ — वाढता वाढता तिथं तो एकदा थबकला असावा. मी हात लावला नाही. हात लावला नाही, हेही नीट आठवतं.

उठलो तर अम्मा म्हणाली, "काय रे, झोपेत हसत होतास."

२८ मार्च

लिहिला.

इंग्रजीत लिहायचं म्हणून शब्दकोश घेऊन बसलो. "पारदर्शक"च्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग तीनदा पाहिलं. जाडी, निमुळतं टोक, पलीकडचं बोट, बोटावरच्या रेषा, मधली रेघ. सगळं पाहिलेलं! कुठं पाहिलं, एवढंच लिहिलं नाही. खाली सही केली. एकदाही अडखळलो नाही, याचीच भीती वाटते.

हयग्रीवरावांनी वाचला, चष्मा काढला. "वा! भुजंगरावांनी उभ्या जन्मात असं वर्णन केलं नाही. कवी झालास की रे! बाईंनी दाखवला म्हणायचा शेवटी."

मी मान डोलावली.

३१ मार्च

हप्ता मंजूर. भट्टी चालू.

८ एप्रिल

युगादी. अम्मानं कडुनिंब-गूळ हातावर ठेवला. कडू लागलाच नाही. संध्याकाळी सरस्वतीपुरमला गेलो. नळी पूर्ण खाली उतरली आहे, आता नुसतं सावकाश निवायचं. बाई आणि मी दोघंही फारसं बोललो नाही. घरात बाळ झोपलेलं असावं तसं.

अहवालात काय लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

११ एप्रिल

उघडली.

बाईंनी नळी फडक्यात गुंडाळली, सोनाराच्या असते तेवढ्याशा हातोडीनं टिचवली. फडकं उलगडलं. 

काळपट, राखाडी. शिशाच्या कांडीसारखा.

मला वाटलं वरचा थर असेल. "पुसल्यावर आरपार दिसेल का?"

"आरपार?" बाई हसल्या. "अहो, हा दिसायला धातूसारखाच. याच्यातून सूर्यसुद्धा दिसायचा नाही!" त्या तो उजेडात फिरवत होत्या. एक तडा नाही, एक सांधा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी त्याच वेळी अहवालाचं सांगितलं. थांबायला हवं होतं. निदान तास, दोन तास तरी.

"काय काय लिहिलंत? सगळं सांगा."

मला पाठ आहे. सांगितलं. बोटावरच्या रेषांपाशी त्या हसायला लागल्या, हसता हसता स्टुलावर बसल्या. मग हसू थांबलं.

"१७ तारखेला अहवाल आणि क्रिस्टल दोन्ही समितीपुढे जाणार. समितीत तिघं आहेत. तिघांनाही हे काम माहीत आहे. पहिल्याच ओळीला अडतील. असा क्रिस्टल पारदर्शक असूच शकत नाही."

बरणीतल्या तुरटीकडे त्यांनी एकदा पाहिलं. मला म्हणाल्या, "सुंदर लिहिलंत हो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल

अण्णांना सांगितलं. ते कोटाला अस्तर लावत होते. सुई थांबली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माप न घेता कोट शिवलास वेंकटू. आणि घालायला दिलास दुसऱ्याला."

१३ एप्रिल

हयग्रीवरावांकडे गेलो. अर्धंच बोललो असेन, त्यांनी दार लोटून घेतलं. "तोंड उघडू नकोस! कागदावर तू पाहिलंयस. समिती बाईंना विचारेल, तुला नाही. अजून अठरा दिवस मुक्यासारखा राहा, नोकरी पक्की होऊ दे, मग वाटेल तेवढा खरा हो."

मुका राहिलो.

१७ एप्रिल

समिती आमच्याच बंगल्यात बसली. पाण्याचे पेले मी ठेवले. टेबलावर एका बाजूला माझा अहवाल, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या रुमालावर तो राखाडी क्रिस्टल. शेजारी शेजारी.

वेदवतीबाई आत गेल्या. दार बंद. पाऊण तास मी व्हरांड्यात फायलींची टोकं जुळवत उभा होतो. जुळलेलीच होती. आतून कुणाचा मोठा आवाज आला नाही.

बाहेर आल्या तेव्हा हातात रुमाल नव्हता. "आयतु, वेंकटरमणा," म्हणाल्या. मला पहिल्यांदाच अशी एकेरी हाक मारली. "झालं. घरी जा, जेवून घे."

हयग्रीवरावांनी पाठीत थाप मारली. "वाचलास! तुझ्यावर ठपका नाही."

"मग कुणावर?"

"सुम्ने, गप बस रे."

१९ एप्रिल

आदेशाचा मसुदा टाइप करायला माझ्याच टेबलावर आला.

"संशोधिकेने कबूल केले की, हप्ता वेळेत मिळावा म्हणून २८ मार्च रोजी त्यांनी पाहणीस आलेल्या कर्मचाऱ्यास काचेचा तुकडा क्रिस्टल म्हणून दाखवला. कर्मचारी अल्पशिक्षित असल्याने फसला. त्याचा दोष नाही." पुढे: प्रकल्प बंद. भट्टी दुसऱ्या संस्थेकडे द्यावी. संशोधिकेस यापुढे अनुदान नाही.

तीनदा वाचला. काचेचा तुकडा! २८ तारखेला मी तिथं गेलोसुद्धा नव्हतो.

मसुदा खणात टाकला आणि सायकल काढली. खोलीत मोटरचा आवाज नव्हता. बाई यंत्राचे स्क्रू एका डब्यात भरत होत्या, डब्यावर चिठ्ठी लावत होत्या, म्हणजे नेणाऱ्यांना जोडताना सापडावेत.

"हे का केलंत?" मी ओरडलो. त्यांच्यावर ओरडलो!

"होगली बिडु, जाऊ दे. माझी कॉलेजची नोकरी आहे. शिकवीन. तुझी गेली तर तू काय करणार?"

"आणि क्रिस्टल? चकती?"

त्यांनी स्क्रू भरायचे थांबवले. थोड्या वेळानं पुन्हा भरायला लागल्या. 

२० एप्रिल

ही नोंद ऑफिसात लिहितोय. सव्वादहा वाजलेत.

आदेश टाइप केला नाही. दुसरंच पत्र केलं, समितीच्या तिन्ही सभासदांना, तीन प्रती. "२८ मार्च रोजी मला काहीही दाखवण्यात आले नाही. डॉ. वेदवती यांनी मला जे पाहिले तेवढेच लिहिण्यास सांगितले होते. अहवालातील वस्तू मी स्वप्नात पाहिली." शेवटचं वाक्य खोडावं का, असं वाटलं. लोक हसतील.

नाही खोडलं. सही केली. पोस्टाचा माणूस नुकताच तिन्ही पाकिटं घेऊन गेला. हयग्रीवराव फाटकातून येताना दिसतायत.