झाकणाच्या डब्याचं चित्र

युसूफ वडगाव,
शनिवार, १० जानेवारी २०२६

चि. सौ. बबिता हिला,

तुझ्या सासूकडून, सोजरबाईकडून पत्र. अक्षर आदिनाथचं आहे, तोंड माझं आहे. नवऱ्याचं अक्षर बघून फाडू नकोस. त्याचा फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच करतेस. पण मी सांगेन त्याच्याबाहेर एक शब्द घालायचा नाही, अशी शपथ त्याला म्हशीच्या पाठीवर हात ठेवून घ्यायला लावली आहे. तो एकच खोडी करतो. मी 'हाय' म्हणलं की 'आहे' लिहितो. म्हणलं लिही बाबा, तुला शाळेत घातल्याचं एवढं तरी सार्थक होऊ दे.

इकडं आम्ही दोघं खुशाल. म्हैस व्याली, रेडी झाली. ज्वारी हुरड्यात आली आहे. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? माझ्या नातीला, संस्कृतीला, माझ्या गोष्टीशिवाय झोप लागते का? लागत असली तरी मला तसं कळवू नकोस. भाकरी तुझा नवरा करतो. मंगळवारच्या भाकरीला तीन कोपरे होते. हे लिहिताना तोंड वाकडं करतो आहे, तेही लिही म्हणलं.

तुला मी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा हुरड्याचं बोलले आणि ठेवून दिला. तू म्हणालीस, "आत्याबाई, आजून काय म्हणताव?" आणि मी म्हणाले, "थंडी लई हाय, पोरीला टोपरं घाल." फोनवर माझं तोंड आपोआप दुसरीकडं वळतं, म्हणून हा कागद.

परवा तुझा भाऊ सोमेश्वर येऊन गेला. चहा घेतला नाही. तुझी पेटी घेतली, संस्कृतीचा शाळेचा दाखला काढायला आदिनाथची सही घेतली. निघताना मी विचारलं, "बबिता तिकडं धर्मापुरीत काय करती?" तर म्हणाला, "काय करती मावशी, बसून आसती. गावात एकाचं ऑनलाइन सेंटर हाय, त्यानं बोलवलं होतं. मशीनसमोर बसली आन् उठून आली. म्हणती, माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला न्हाई. कवा काय दाबलं जाईल सांगता येत न्हाई म्हणती."

तो गेला आणि मी चुलीपुढं बसले. दूध उतू गेलं तरी कळलं नाही. तेव्हापासून हे पत्र पोटात आहे.

पण आधी इथल्या तुझ्या सेंटरातल्या मशीनचं, त्या कॉम्प्युटरचं बोलू. सोपं तिथून सुरू करते.

दिवाळीनंतर मशीन दुरुस्तीवाला धारूरचा बंकट येऊन मशीनमध्ये नवी सिस्टीम टाकून गेला. म्हणाला, जुनीला आता कंपनी विचारणार नाही. दोन दिवस तू त्या मशीनपुढं नव्या नवरीसारखी बसली होतीस, कुठं काय ठेवलंय ते शोधत. प्रिंटर कागद ओढायचा आणि कोराच सोडायचा. जुने मराठी अर्ज उघडले की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मधेच मशीन झोपायचं, उठलं की तुलाच विचारायचं तू कोण. डाव्या कोपऱ्यातलं खिडकीचं चित्र उचलून मधोमध आणून ठेवलं होतं, जसं कुणी देवघर उचलून अंगणात मांडावं. आणि त्या जुन्या कोपऱ्यात हवामान. आपल्या दारात ऊन भाजत होतं आणि ते आभाळ दाखवत होतं. तू हसून म्हणालीस, "आत्याबाई, ह्याला बाहेर आणून दाखवा."

आदिनाथ इथं विचारतो आहे, "आई, तुला खिडकीचं चित्र, कोपरा, हे कसं माहीत?"

आता सांगावंच लागतं. आदिनाथ, वर्षभर दुपारी तू शेतात गेलास की बबिता मला मशीन शिकवत होती. तूच म्हणाला होतास, आईनं त्याला हात लावायचा नाही, म्हणून तुला सांगितलं नाही. मला अक्षर येत नाही, तर हिनं मला जागा शिकवल्या. मी मिठाचा डबा डोळे मिटून काढते का नाही? तसंच. वरून तिसरा पिवळा डबा, ज्याला तुम्ही फोल्डर म्हणता, त्याच्यावर उजवं बटण, मग खाली चार ओळी मोजायच्या आणि दाबायचं, की कागद बाहेर. मधे त्यानं काही विचारलं तर डावीकडचं दाबायचं. एवढंच यायचं मला. पण कागद गरम गरम हातात आला की काय वाटायचं, ते तुम्हा शिकलेल्यांना कळणार नाही. बबिता, तू टाळी द्यायचीस मला.

नवी सिस्टीम आल्यावर तू म्हणाली होतीस, "आत्याबाई, चार दिवस हात लावू नका. सगळ्या जागा हालल्यात. मी शिकले की तुमाला शिकवते." मी 'बरं' म्हणाले होते.

इथून पुढं आदिनाथनं माझं बोलणं नीटनेटकं करायचं न्हाई. मी म्हणन तसंच लिहायचं. 'हाय' म्हणलं की 'हाय'.

बबिता, त्या दिवशी तू केजला गेलतीस आन् दुपारी मशीनवर मी बसले होते.

छबुबाई आलती. तिची टोळी ऊसतोडीला निघालती, ट्रक स्टँडवर उभा होता. टोळीतल्या अकरा लेकरांचे, आईबाप फडात गेल्यावर राहायच्या वसतिगृहाचे अर्ज तू भरून ठेवलते. नव्या सिस्टीमच्या गडबडीत जायला नकोत म्हणून त्या कांडीत ठेवलते, ज्याला तुमी पेन ड्राइव्ह म्हणता. संध्याकाळी साइट चालू झाली की पाठवायचे होते. त्या दिवशीच मुदत सरत होती. छबुबाई म्हणली, "सोजरबाई, माझ्या नातीच्या, दीपमालाच्या अर्जाचा कागद तेवढा हातात द्या. तिचा बाप हनुमान ऐकंना. म्हणतो, कागद दाव, न्हाईतर पोरगी ट्रकात."

मी म्हणायला पायजे होतं, बबिता येऊस्तोवर थांब. पण छबुबाईसमोर मला मिरवायचं होतं. आमी एका वर्षी लग्न होऊन आलो ह्या गावात, दोघी अडाणी. तिला दाखवायचं होतं की बघ, मला येतंय. कांडी खुपसली. पिवळा डबा दिसला. उजवं बटण दाबलं, तर चार ओळी कुठल्या आल्या! वर नुसती चिमुकली चित्रं आली. मला आनंद झाला बाई. म्हणलं, चला, कुणाला तरी आमची आठवण आली, अक्षराच्या जागी चित्रं केली. कात्री ओळखली. तिच्या ओळीत शेवटाला झाकणाचा डबा.

आता तूच सांग, आपल्या घरात कचऱ्याला कुठं डबा हाय? कचरा जातो उकिरड्यावर. डबा असतो तो जपून ठेवायला. पापड, डाळ, लेकराच्या वाटणीचा लाडू. मी म्हणलं, जपून ठेवलेले कागद ह्याच्यातनंच निघत असतील. दाबला. त्यानं काहीतरी विचारलं. तू शिकवलं तसं मी डावीकडचं दाबलं.

पिवळा डबा गेला. मी वाट बघितली. प्रिंटर गप. पांढऱ्या पाटीवर काहीच न्हाई.

छबुबाई म्हणली, "काय झालं?"

मी म्हणलं, "लाईट गेली."

पंखा आमच्या डोक्यावर गरगर फिरत होता. छबुबाईनं पंख्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. पदर खोचला आन् गेली. थोड्या वेळानं ट्रकाचा हॉर्न ऐकू आला. दीपमाला त्याच्यात होती.

मी कांडी काढून खणात टाकली, मशीनवर फडकं झाकलं आन् शेंगा फोडत बसले.

इथं आदिनाथनं पेन खाली ठेवलं. बाहेर जाऊन गोठ्यापाशी उभा राहिला. मी वाट बघितली. मला लिहिता येत असतं तर पुढचं मीच लिहिलं असतं.

आला. डोळे धुवून आलाय. म्हणला, "पुढं सांग." तू उठून गेलतास, हेही लिही म्हणलं.

संध्याकाळी तू आलीस, कांडी लावली, आन् तुझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढचं तुला ठाऊक हाय, तरी मी माझ्या तोंडानं सांगते, कारण मी सगळं बघत होते आन् गप होते. लोक जमले. पहिलं सगळे नव्या सिस्टीमला शिव्या द्यायला लागले. मला बरं वाटलं. म्हणलं, मशीनवर जाऊ दे, मशीनला कुठं अब्रू हाय. मग बंकटला फोन लागला. तो म्हणला, सिस्टीम बदलली तरी कांडीतलं जात न्हाई, ते कुणाच्या तरी हातानंच गेलंय, आन् कांडीतलं गेलं की परत येत न्हाई. मग सगळे तुझ्याकडं बघायला लागले. आदिनाथ वरडला, "फोनवर बोलत बोलत दाबलं आसशील! अकरा लेकरांचं वर्ष घातलंस!" चारचौघांत वरडला. सटवा पाटलाच्या ओट्यापर्यंत ऐकू गेलं.

तू मला विचारलंस. हळूच, बाकीच्यांना कळंल असं न्हाई. "आत्याबाई, तुमी तर हात न्हाई ना लावला?"

आन् मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला काय कळतंय बाई त्यातलं? मी अडाणी."

बबिता, साठ वर्षं मी कुणासमोर अडाणी म्हणून उभी राहिले न्हाई. बँकेत, पंचायतीत, दवाखान्यात, "चष्मा घरी राहिला" म्हणायचे, पण अडाणी म्हणायचे न्हाई. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, ते तुझ्यावर ढकलायला.

तू माझ्यावर इश्वास ठेवलास. वर्षभराचं आपल्या दोघींचं गुपित तेव्हा उघडलं असतंस तर मी धरली गेले असते. तू ते उघडलं न्हाई. थोडा वेळ बोटांकडं बघत राहिलीस आन् म्हणालीस, "आसंल माझ्याच हातनं. दोन दिस झाले, कायच जाग्यावर घावंना." तिसऱ्या दिवशी लेकीला घेऊन धर्मापुरीला गेलीस. मला वाटलं रागानं गेलीस. राग उतरतो, म्हणून मी दोन महिने कळ काढली. सोमेश्वर बोलला तेव्हा कळलं की तुला खरंच वाटतंय ते तूच केलंस.

ऐक. तुझा हात चुकला न्हाई. तू अकरा अर्ज नीट भरलते, नीट ठेवलते. त्या नव्या मशीनवर सुद्धा तुझ्या हातनं एक काम बिघडलं नव्हतं. जे गेलं ते माझ्या बोटानं गेलं आन् जे तुझ्यावर आलं ते माझ्या जिभेनं आलं. बोटाचं मी मनाला लावून घेत न्हाई फार, त्या डब्यानं मला फसवलं. जिभेला कुणी फसवलं नव्हतं.

आता काय करणार ते सांगते. सेंटरच्या शटरवर आदिनाथनं 'काही कारणामुळे बंद' असा कागद लावलाय. तो उद्या निघंल. त्याच्या जागी लागंल: "वसतिगृहाचे अर्ज बबितानं नाही, तिची सासू सोजरबाई हिनं घालवले, आणि खोटं बोलली. विचारायचं असेल त्यानं सोजरबाईला विचारावं." बाजाराच्या दिवशी मी त्याच्याखाली पोतं टाकून बसणार हाय. आदिनाथ म्हणतो, "आई, लोक हसतील." म्हणलं, बबितावर लोक दोन महिने हसत होते तेव्हा तू कुठं होतास?

छबुबाईला काल फोन केला. तिला म्हणलं, त्या दिवशी लाईट गेली नव्हती. ती म्हणली, "ते मला पंख्यानंच सांगितलं की." बोलता बोलता तिला खोकला आला, का रडली, कळलं न्हाई. दीपमाला तिथं फडात उसाच्या शेंड्याचं वाढं गोळा करती. मी म्हणलं, पोरगी माझ्याकडं धाडून दे, माझ्या घरी राहील, इथल्या शाळेत जाईल. हनुमान अजून हो म्हणला न्हाई. त्याला माझ्यावर भरवसा कावून वाटावा? बाकीच्या दहा लेकरांच्या घरी, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांकडं, मी एकेक करून जाणार हाय. दोन घरी जाऊन आले. एका घरी पाणी दिलं, एका घरी दिलं न्हाई.

मला माफ कर असं मी लिहायला सांगत न्हाई. ते मागणं पण एक ओझंच, आन् ते पण तुझ्याच डोक्यावर येणार. यायचं का न्हाई ते तू ठरव. न्हाई आलीस तर मशीन धर्मापुरीला पोचवायचं काम आदिनाथचं. ते तुझं हाय, ह्या घराचं न्हाई. फक्त हे पत्र मिळालं की त्या सेंटरवाल्याकडं जाऊन बस. एक अर्ज भर. तुझी बोटं तुझ्या ताब्यात हायत.

आदिनाथला विचारलं, तुला तुझं काही घालायचं का? म्हणला, मी वरडलो तोंडानं, तर लिहून कसं भागंल, समोर येऊन बोलंन. पण तू बोलवल्याशिवाय जायचं न्हाई असं मी त्याला बजावलंय.

तो विचारतोय, खाली अनेक आशीर्वाद लिहू का. सासूनं सुनेला तसंच लिहायचं असतं म्हणतो. म्हणलं, न्हाई. नमस्कार लिही. म्हणला, "आई, सुनेला नमस्कार?"

म्हणलं, लिही.

बबिता, तुला माझा नमस्कार.

खोटं बोललेली तुझी सासू,
सोजर