बोरीसकट वजन

११ मे
धर्मेंद्रला पकडलं. जगदलपूरहून पिकअपमध्ये चिंचेच्या बोऱ्या आणत होता. एका बोरीत गांजा निघाला— वीस किलो चारशे ग्रॅम. आईचं एकच चालू आहे— "त्याले का मालूम बोरीत का हाय! डायवर तं हाय माझा पोरगा."

१३ मे
बाबांना घेऊन मेश्राम वकिलांकडे गेले. वीस किलोच्या वर असेल तर कमीत कमी दहा वर्षं, जामीन जवळजवळ नाहीच. वीसच्या आत असेल तर थोडी आशा.
बाबा म्हणाले, "पोराले मालूमच नव्हतं, तं गुन्हा कायचा?"
"या कायद्यात उलटं आहे काका. सापडलं म्हणजे मालूम होतं असंच धरतात. नव्हतं, हे आपण दाखवायचं. सगळी केस त्याच्यावरच उभी आहे."
चारशे ग्रॅम!

१७ मे
विहारात सगळ्यांकडून पंचशील बाबाच म्हणवून घेतात. आज पाचव्या शीलाशी— नशेपासून दूर राहण्याच्या— त्यांचा आवाज अडला. मागून कुणीतरी पूर्ण केलं. परत येताना स्कूटरवर माझ्यामागे बसले होते. बसल्यासारखं वजनच जाणवलं नाही.

१८ मे
भाजी घेताना रत्नमालाकाकू— "कावून वं, भाऊ दिसून नाही राहिला?" सगळं माहीत असून! "बाहेरगावी आहे," म्हणाले.

२० मे
दहा वर्षांनी तो चौतीसचा. आईचा हिशेब केला नाही.

२३ मे
जप्तीच्या पंचनाम्याची नक्कल मिळाली. "बोरीसह वजन." पुन्हा वाचलं. बोरीसह! आमच्या लॅबमध्ये कोळशाचा नमुना तोलायच्या आधी रिकामा ट्रे तोलतात. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तागाची जाड बोरी आठ-नऊशे ग्रॅमची तरी असतेच. वजा केली की वीसच्या खाली!
वकिलांना फोन केला. "शाबास बेटा. फेरतोलाचा अर्ज टाकू."
आई आज दोन पोळ्या जेवली.

२६ मे
जेलमध्ये भेट. आत मला एकटीलाच सोडलं. बोरीचं सांगितलं. जाळीपलीकडे त्याचा चेहरा खुलला.
"मी बोलून राहिलो होतो ना दीदी, वजन गलत आहे! खुद तोलून घेतलं होतं मी. साडेएकोणीस. वीसच्या वर मी कधी भरतच नाही."
बाहेर आई उभी होती— "का म्हणे तो?"
"वजन चुकलंय म्हणाला," एवढंच सांगितलं.