कौलांखालचं बिऱ्हाड

१० मार्च २०२५, सोमवार. सकाळी पावणेआठ.
ओवीच्या खोलीतली भिंत व्हिनेगरने पुसत होतो. परवाच पुसली होती. काळी बुरशी परत आली, या वेळी तिच्या उशाजवळ. रात्रभर खोकली. इथे डचमध्ये साध्या दुखण्याच्या डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात. शब्दशः, घराचा डॉक्टर. आमच्या डॉक्टरीणबाई खरंच तशा निघाल्या. म्हणाल्या, "मुलीला औषध नको, घराला हवं."
घर भाड्याचं. पण मे महिन्यात आमच्या ओळीतली सगळी छपरं उघडून आत नवं अस्तर घालणार आहेत. मग ओल जाईल. मालक कंपनीचं पत्र फ्रिजवर लावून ठेवलंय. तोवर व्हिनेगर.

१३ मार्च, गुरुवार
सायकल-दुरुस्तीच्या दुकानातून सुट्टी घेतली. मालक कंपनीतली एक मुलगी आली होती, कामाआधीची चौकशी करायला. माणसं किती, दिवसा घरी कोण, कोणाला दमा. सगळी उत्तरं डचमध्ये दिली. एकदाही अडखळलो नाही.
शेवटी तिने विचारलं, "हाउसडीर आहेत का?" हाउस घर, डीर प्राणी. दोन्ही शब्द संध्याकाळच्या वर्गात झालेत. आधी वाटलं, कोळी सांगावेत का. मग घरचिमण्या आठवल्या. म्हणालो, "हो. हाउसमुस. मागच्या खोलीवर, कौलांखाली राहतात. माझी मुलगी त्यांना भात घालते."
ती हसली. मग हसायची थांबली आणि टॅबवर बराच वेळ लिहीत बसली. जाताना म्हणाली, "तुम्ही फार प्रामाणिक आहात."
बरं वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार
ईमेल आली. छपराचं काम थांबवलंय. घरचिमण्यांना इथे कायद्याचं संरक्षण आहे. एप्रिलमध्ये पक्षितज्ज्ञ येऊन बघणार. घरटं आढळलं तर आधी दुसरीकडे घरटी लावायची, त्यांना सवय होऊ द्यायची, परवाना मागायचा, मग काम. म्हणजे अजून एक हिवाळा असाच. आमचाच नाही, सगळ्या ओळीचा.
बायकोने, म्हणजे केतकीने, दोनदा वाचली. "हाउसडीर म्हणजे पाळीव प्राणी, मंदार. कुत्रा, मांजर. कामगारांना कुत्रा चावू नये म्हणून विचारतात ते."
"पण शब्दाचा अर्थ तर..."
"उच्चार बरोबर होता ना? झालं मग."
के. दिवसभर आर्नहेमच्या ऑफिसात लोकांच्या घरातला गॅस कसा वाचवावा त्याचं सॉफ्टवेअर लिहिते. घरी येऊन कोट घालून जेवते.

१८ मार्च, मंगळवार
शेजारच्या मीपबाई. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. हिवाळाभर फक्त स्वयंपाकघर तापवतात आणि तिथेच झोपतात. आज कुंपणावरून हाक मारली, "काय, चिमण्यांचे वकीलसाहेब!" ओळीत सगळ्यांना कळलंय तर.
"सॉरी," म्हणालो.
"मला कशाला सॉरी? तुझ्या पोटभाडेकरूंना सांग, गॅसचं बिल अर्धं भरा."
हसल्या नाहीत.

२३ मार्च, रविवार
आईचा व्हिडिओ कॉल. गावाकडचा रस्ता चौपदरी झाला. दोन्ही बाजूंच्या चिंचा गेल्या, सगळ्या. ज्यांच्या दारात होत्या त्यांनाही कोणी विचारलं नाही. बाबांना आता तालुक्याला लवकर पोचता येतं, पण एसटीची वाट बघायला सावली नाही.
मी तिला इथलं सांगितलं. म्हणाली, "एका चिमणीसाठी काम थांबवतात? मोठ्या मनाची माणसं रे."
"हो," म्हणालो. खरंच आहेत. इथेही रस्ते आहेत, विमानतळ आहे, हजारो गाईंचे गोठे आहेत. आधी सगळं करून घेतलं, आता उरलंय ते जपतायत. जपायला सुरुवात नेमकी आमच्या छपरापासून का, असं म्हणणार,
तेवढ्यात आई म्हणाली, "मागे कोण खोकतंय?"

३० मार्च, रविवार. पाडवा.
घड्याळं आजच तासभर पुढे गेली. त्यामुळे गुढी उशिरा उभारली. मागच्या खिडकीतून, पडद्याच्या दांड्यावर. माझं नारिंगी रेशमी काठाचं उपरणं, तांब्या, साखरेच्या गाठी. कडुनिंब मिळाला नाही. चिमणा येऊन तांब्यावर बसला. ओवीने टाळ्या वाजवल्या. "चिऊ! बाबा, चिऊ!" के. हसली. मग भिंतीवर नजर गेली आणि आत निघून गेली.

८ एप्रिल, मंगळवार
ईमेल आली त्या दिवसापासून भात घालणं बंद केलंय. तरी येतात. चोचीत गवत असतं.
रात्री ओवीला भरवत होतो. हा घास बाबाचा, खाल्ला. हा घास आईचा, खाल्ला. हा घास चिऊचा म्हटलं की तोंड मिटून घेते आणि खिडकीकडे बोट करते. म्हणजे, तिचा घास तिला दे. सवय मीच लावली. आता काय सांगायचं तिला?
ताप नाही. खोकला आहे.

१२ एप्रिल, शनिवार
मीपबाई दारात. एका हातात पिशवी, दुसरा त्यांच्या बागेतल्या शिडीकडे. पिशवीत भांडी घासायच्या तारेच्या घासण्या, नव्याकोऱ्या.
"माझा नवरा दर वसंतात आमच्या बाजूचं कौलांखालचं भोक यांनीच बुजवायचा. म्हणून तर चिमण्या तुमच्याकडे राहायला आल्या. मंगळवारी पक्षीवाला येतोय. त्याआधी काय ते कर."
"पण ते बेकायदा आहे."
"आहेच. माझे गुडघेही बेकायदा आहेत या थंडीत."
"आणि आत अंडी असली तर?"
त्या ओवीच्या खोलीच्या खिडकीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणूनच उशीर करू नकोस."
पिशवी घेतली. नको म्हणता आलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार
उद्या उजाडताच पक्षितज्ज्ञ येणार.
संध्याकाळी शिडी लावून वर गेलो. के. खाली शिडी धरून, ओवी कडेवर. कौलाखाली बोटभर फट. गवत, पिसं, आणि एक नारिंगी रेशमी धागा. पाडव्याच्या उपरण्याचा. आत खोलवर अंधार, हात जात नाही.
"अंडी आहेत?" के.ने विचारलं.
"दिसत नाहीत."
"दिसत नाहीत, की नाहीत?"
"दिसत नाहीत."
तिने ओवीला सावरून घेतलं. मग म्हणाली, "मी कर म्हणणार नाही. करू नको असंही म्हणणार नाही. मी फक्त शिडी धरलीय." ओवीला उबळ आली. के. तिची पाठ चोळत राहिली, एका हाताने, दुसरा शिडीवर. मादी समोरच्या तारेवर बसून ओरडत होती. मी वर असेपर्यंत आत आली नाही.
उतरलो. शिडी तशीच भिंतीला लावून ठेवलीय.
व्हिनेगर संपलं, आणायचं आहे. मीपबाईंचं देणं: शिडी, आणि घासण्यांची पिशवी. पिशवी भरलेली परत करायची की रिकामी, ते उजाडायच्या आत ठरवायचं.