पांढरं बसेपर्यंत

रविवार, ९ फेब्रुवारी १९९७

हर्षिता आत्ताच गेली. भांडून! माझ्या पदराचा जळका काठ तिला दिसला. मला कुठला दिसायला! म्हटलं, उदबत्ती लागली असेल. "उदबत्तीनं एवढं भोक पडतं होय, आई?" लेक माझीच.

शेवटी ठरलं ते असं. पुढच्या रविवारी ती नाश्त्याला येणार. मी एकटीनं हाफ फ्राय करून वाढायचं. जमलं तर इथंच, चामराजपेटेतल्या घरी राहा. नाही तर गॅस काढायचा, घर भाड्यानं द्यायचं आणि मी तिच्याकडे जे. पी. नगरला.

अंडंच का? "कारण सकाळी तुला तेच लागतं. आणि अण्णा तेच करायचे."

खरंय. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हापासून स्वयंपाकघर यांचं, आमच्या नरसिंहरावांचं. मी बाहेर खुर्चीत. दिवाळीच्या आधी ते गेले. तेव्हापासून स्वयंपाकघर कुणाचंच नाही.

आठवडा हातात आहे. वर्तमानपत्रात जन्म काढला; टाइपरायटरवर बोटं अजून न बघता चालतात, हेही त्यावरच चाललंय. आठवड्यात अख्खी पुरवणी छपाईला सोडायचे. एक अंडं सुटणार नाही?

सोमवार, १०

नाही सुटलं. तव्यावर फोडलं आणि कुठं पळालं कुणास ठाऊक! बोटांना सापडलं ते शेगडीच्या कडेला.

मंगळवार, ११

शेजारची भाग्यलक्ष्मी आली. जन्मात अंडं खाल्लेलं नाही, आणि नाकाला पदर लावून शिकवायला हजर! "दोसा बोलतो की नाही, अक्का? हेही बोलणारच की."

युक्ती तिचीच: तवा नको, फोडणीचं खोलगट कढलं घ्या. त्यातून अंडं जाणार कुठं? आधी वाटीत फोडायचं. वास घ्यायचा. कवच पडलं असेल तर बोटानं काढायचं. तेल तापलं की ओली बोटं झटकायची. थेंब तडतडला की वाटीची कड कढल्याला टेकवून अंडं अलगद सोडायचं. मग नुसतं ऐकायचं. आधी मोठा तडतडाट, ते पांढऱ्यातलं पाणी. ते आटत आलं की आवाज उतरतो. तिथून पुढं स्वल्प थांबायचं, पांढरं बसेपर्यंत. मग बंद.

सगळं सरी चाललं होतं, अगदी ठीक. आवाज उतरला आणि — टक् टक्. उलथनं, तव्याच्या कडेवर. हे रोज तसंच वाजवायचे. म्हणजे, झालं, विमला, ये.

माझा हात आपोआप गॅसच्या बटणावर गेला, बंद केलं. अंडं कच्चं.

"तू वाजवलंस का गं?"

"मी? एका हातात नाक, दुसऱ्यात पदर! मी काय वाजवणार?"

तवा तर खालच्या कपाटात होता. मीच ठेवला होता.

बुधवार, १२

पुन्हा. आवाज उतरतो नेमका तिथंच. माझ्या डाव्या खांद्यामागून. पुन्हा हात बटणावर, पुन्हा पांढरं लिबलिबीत. तसंच गिळलं.

घाबरले. बाहेर येऊन स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मग वाटलं, आत कोंडलं कुणाला? उठून दार उघडून ठेवलं.

गुरुवार, १३

गुरुवारी आमच्यात अंडं नाही. नुसतं पाणी तापवत बसले. काही वाजलं नाही. दिवस संपता संपेना.

शुक्रवार, १४

चार अंडी. चारही कच्ची. आता शिकायला करत नाहीये, हे लिहूनच टाकते.

भाग्यलक्ष्मी म्हणाली, "दुकानदार विचारत होता, अक्कांकडे पैलवान उतरलाय का?" हसले. सांगितलं काही नाही.

चौथ्या वेळी वाजलं तेव्हा मी बोलले. "अहो, बसा की."

शनिवार, १५

हर्षिताचा फोन. "सराव चाललाय ना?" हो म्हटलं.

घर सुटलं तर हे वाजवणार कुठं? तिच्या घरी यांनी उलथन्याला कधी हात लावला नाही. घर राखायचं तर अंडं शिजायला हवं. आणि अंडं शिजायचं तर यांचं ऐकून चालणार नाही.

संध्याकाळी केलं. टक् टक्. उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला. "थांबा हो," म्हटलं. पुन्हा वाजलं, जरा घाईनं, जेवायला उशीर झाला की वाजवायचे तसं. मी हलले नाही. आवाज आणखी उतरला. कडेचा खमंग वास आला. मग कढलं नुसतं कुजबुजायला लागलं, तिथं बंद केलं.

बोटानं चाचपलं. कड कुरकुरीत, मधे मऊ उंचवटा. जमलं!

सांगायला मागं वळले. मागं कुणी नव्हतं.

रविवार, १६

हर्षितानं दोन खाल्ली. "मीठ कमी आहे. बाकी अण्णांवर ताण!" भाग्यलक्ष्मी दारातूनच, "पास की नापास?" — "फर्स्ट क्लास!"

जाताना हर्षितानं मिठी मारली. "राहा बाई तू इथंच. पदर तेवढा खोचत जा."

आज वाजलं नाही. लेकीसमोर संकोचले असतील.

मंगळवार, १८

अंडं उत्तम. बाकी काही नाही.

शुक्रवार, २१

मुद्दाम आधीच बंद करून पाहिलं. कपाटातून तवा काढला, त्यावर केलं. घाबरून पाहिलं — तेही आता जमेना. तेल तडतडलं, उतरलं, गप्प झालं. कुणी बोलावलं नाही. घरात एवढी शांतता आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

रविवार, २३

हर्षिताला फोन केला. म्हटलं, ये, मला घेऊन जा.

"अगं, पण तुला जमलं ना?"

"जमलं," म्हटलं. "म्हणूनच."