अण्णाला आलेला माझा फोन

सोम. ३ मार्च
बढती! मार्केटिंगची प्रमुख. मेकॅनिकलची डिग्री घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत थोरल्या भावाच्या, अण्णाच्या वर्कशॉपात लेथपाशी उभी असायचे. आता कारखान्यांना सॉफ्टवेअर विकते. आई म्हणाली, "अण्णाला सांगू?" नको म्हटलं. वर्कशॉप सोडलं त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही.

मंगळ. ४
येळ्ळूरहून वहिनीचा फोन. "सकाळी तू फोन केलीस तवापास्नं ह्यांचं चित्त थाऱ्यावर न्हाय. रविवारी जेवायला यायलीस न्हवं?"
मी फोन केलाच नव्हता. तसं म्हटलं, तर हसायला लागली.

बुध. ५
ऑफिसात विचारलं, तेव्हा उलगडा झाला.
जाहिरातीसाठी म्हणून कंपनीनं माझा आवाज रेकॉर्ड केला होता, मराठी, कानडी दोन्ही. आता एक मशीन त्याच आवाजात, माझं नाव सांगून, बेळगाव-निपाणीच्या कारखान्यांना फोन करतंय. त्यात अण्णाचंही वर्कशॉप. आणि प्रमुखबाईंना पत्ता नाही! सर म्हणाले, "सरप्राइज होतं. रिस्पॉन्स बघा की."
अण्णाला गेलेल्या फोनचं रेकॉर्डिंग मागितलं. मीटिंग रूमचं दार लावून ऐकलं.
"नमस्कार, मी स्मिता बोलतेय." मीच. माझाच हेल.
मग अण्णा, "स्मे? लई दिसांनी गं... तू गेलीस तवा नको नको ते बोललो. आप्पा गेल्यावर वर्कशॉपात तूच हुतीस आधाराला. भ्या वाटलं मला."
"समजू शकते. आपल्याला कोणती वेळ सोयीची आहे?"
"ऑफिसात हाईस व्हय? म्हणून असं बोलायलीस. रविवारी ये. जेवायलाच ये."
"धन्यवाद. रविवारची नोंद केली आहे."
तो रडत होता. रडत होता आणि मी... मी नव्हे, ती, धन्यवाद म्हणाली!

शुक्र. ७
सरांना सांगितलं, मशीनमधून माझा आवाज काढून टाका, नाहीतर मी जाते. "सोमवारी बघू."
अण्णाचा नंबर काढला. लावला नाही. माझ्या आवाजात काय सांगणार?

रवि. ९
अण्णा स्टॉपवर न्यायला आलेला. केस पिकलेत. जेवताना सारखा वाढत होता. "तू फोन केलीस म्हणून झालं बघ. मला जमलं नसतं."
वहिनी म्हणाली, "फोनवर बोललीस, आता गप का गं?"
जेवण झाल्यावर त्याला शेताकडं घेऊन गेले. सांगितलं सगळं. आधी हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला.
"म्हंजे मी कुणासंगं बोललो?"
"मशीनशी. पण मी ऐकलं अण्णा. बुधवारी ऐकलं सगळं."
"आणि कुणी ऐकलं?"
ऑफिसात कुणीही ऐकू शकतं, तेही सांगितलं.
तरी स्टॉपपर्यंत आला, बस येईस्तोवर माझ्याशेजारी उभा होता.