सात किलोचं प्रस्थान

२ नोव्हेंबर, रविवार

सिंगापूरची तिकिटं आली. वैष्णवीने पाठवली, माझं आणि रेश्माचं. १३ डिसेंबर, शनिवार, दुपारी साडेतीन, पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून. पाच दिवस. पोरगी चार वर्षं तिथे नोकरी करते, आता भाड्याने का होईना स्वतंत्र घर घेतलंय. फोनवर म्हणाली, "पप्पा, चौथ्यांदा बोलावतेय. या वेळी नाही आलात तर परत नाही बोलावणार." आवाज साधाच होता. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आधीच्या तीन वेळा माझा दोष नव्हता. पहिल्यांदा भातकापणी, दुसऱ्यांदा कंपनीत ऑडिट, तिसऱ्यांदा गुडघा. गुडघा नंतर आपोआप बरा झाला, तो भाग वेगळा.

निश्चय: या वेळी जायचंच. एकच बॅग. वजन सात किलो. खरा प्रवासी सात किलोत पाच दिवस काढतो असं व्हिडिओत सांगतात. तिकिटावर पंचवीस किलो चालतं म्हणे, पण ते नवख्यांसाठी. मी उरवड्याच्या कंपनीत बावीस वर्षं डिस्पॅचला आहे. माझ्या सहीने क्रेट जर्मनीला गेले, ब्राझीलला गेले. पॅकिंगच्या बाबतीत आमच्या भरे गावात मला कुणी शिकवू नये.

५ नोव्हेंबर, बुधवार

यादी पूर्ण. एक्सेलमध्ये. रकाने: वस्तू, नग, वजन, पर्यायी वस्तू, शेरा. एकूण त्रेसष्ट वस्तू. त्यांचे दोन वर्ग केले, अत्यावश्यक आणि अति अत्यावश्यक. तिसरा वर्ग लागलाच नाही.

रेश्माला यादी वाचून दाखवली. सुईदोऱ्यापर्यंत ऐकलं आणि विचारलं की तिथं दुकानं नाहीत का. बायकांना नियोजन म्हणजे काय ते समजावणं अवघड आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

पॅकिंगची रंगीत तालीम. बॅग भरून गेणबाकडे नेली. गेणबा म्हणजे ओढ्यापलीकडचा शेजारी, शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे भाताची पोती तोलायचा काटा आहे. एकोणीस किलो चारशे. गेणबाने विचारलं, कायमचा चालला आहेस का. मी दुर्लक्ष केलं. काटा भातासाठी आहे, कपड्यांना तो बरोबर दाखवत नसणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

कपात सुरू. दुसरा नेलकटर काढला. एक मोजा काढला होता, पण जोडी तुटते म्हणून परत घातला.

बाजारात तिथल्या तीन पिनच्या सॉकेटचे ॲडॉप्टर मिळाले. दोन घेतले, एक जळाला तर. नायलॉनची दोरी, टॉर्च, थर्मास. पासपोर्टच्या झेरॉक्सचे पाच सेट. आता एकवीस किलो. प्रगती मंद आहे, पण दिशा योग्य आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सोळा दिवस उरले आणि रेश्माने अजून एक रुमालसुद्धा बाजूला काढलेला नाही. विचारलं तर म्हणते आदल्या दिवशी बघू. तिची दया येते.

पासपोर्टवरून वाद. माझा मी बॅगेच्या आतल्या कप्प्यात, दोन प्लास्टिकमध्ये ठेवला. डिस्पॅचचा पहिला नियम, कागद मालाबरोबर. तिचाही मागितला. तिने दिला नाही, पर्समध्ये ठेवला. हरवला म्हणजे रडेल.

वरच्या खोलीतले भाडेकरू मनीष, आयटीवाले, संध्याकाळी गप्पा मारायला खाली आले. म्हणाले, काका, तिकडच्या विमानतळावर जमीनच सरकते, नुसतं उभं राहायचं. मी म्हटलं, माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी वैष्णवी आली होती तेव्हा मला पुण्यात मॉलमध्ये घेऊन गेली होती. सरकत्या जिन्यासमोर मी जरा थांबलो. मागे रांग लागली. पोरीने हात धरून वर नेलं, लहान पोराला नेतात तसं. चप्पल सैल होती माझी. म्हणून यादीत बूट टाकलेत, दोन जोड.

४ डिसेंबर, गुरुवार

आईला आज तारीख नीट कळली. म्हणाली, "शनवारी पूर्वेला जाऊ न्हाई. तिकीट कुनी काडलं ह्ये?" मी नकाशा उघडून दाखवला की सिंगापूर पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण मध्ये पूर्व येतेच ना, म्हणाली.

मी अंधश्रद्धाळू नाही. पण आईचं वय एक्याऐंशी. शिवाय यावर आपल्यात सोय आहेच, प्रस्थान ठेवायचं. चांगला दिवस बघून सामानातली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली, की माणूस त्या दिवशी निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष कधीही निघा, दोष नाही. फक्त ती वस्तू परत घरात आणायची नाही, जाताना तिथूनच उचलायची. आईने ११ तारीख काढली, मार्गशीर्षातला गुरुवार. जागा गेणबाचं घर, ओढ्यापलीकडे आणि पूर्वेला.

आई म्हणाली, सुपारी, मूठभर तांदूळ आणि एक टॉवेल पुरे. इथे मात्र मी बोललो. अर्धा माल आज, अर्धा परवा, असं डिस्पॅच मी आयुष्यात केलेलं नाही. जायचं तर पूर्ण बॅग जाईल. रेश्मा म्हणाली, दोन दिवस घालणार काय. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

११ डिसेंबर, गुरुवार, सकाळी ९.१०

प्रस्थान ठेवलं. आईने बॅगेला हळदकुंकू लावलं. वजन तेवीस किलो सहाशे. सातचा आकडा मी सोडलेला नाही, येताना बघू. ओढ्याच्या वाटेवर बॅगेची चाकं चालत नाहीत, डोक्यावर न्यावी लागली. गेणबाच्या मधल्या खोलीत ठेवली. शास्त्राप्रमाणे मी निघालो. फार हलकं वाटतंय.

९.५०

चष्मा बॅगेत गेला. जाऊन लावून आलो.

१०.३०

बीपीची गोळी बॅगेत. जाऊन तिथेच घेतली. पट्टी घरी आणायची नाही, आईचं लक्ष आहे.

दुपारी १.००

घरात माझी एकही चड्डी उरलेली नाही. आंघोळ पुढे ढकलली.

संध्याकाळी ६.१५

पाचवी फेरी. या वेळी मोबाइलच्या चार्जरसाठी. बॅगेचं नंबरलॉक उघडेना. वैष्णवीचं जन्मसाल लावलं होतं, का माझं, आठवेना. गेणबा शेजारी उभा राहून काहीतरी बोलत होता, लेकीकडे जातोय, नातवाचं जावळ आहे वगैरे. हातात काहीतरी दिलं, मी शर्टाच्या खिशात टाकलं. डोकं सगळं लॉकमध्ये. शेवटी वैष्णवीचंच साल निघालं.

१२ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

कंपनीतून आलो. पाच दिवसांची रजा आजच सगळ्यांना सांगून आलो, साहेबांनी हात मिळवला. तसाच गेणबाकडे गेलो. दाराला कुलूप.

७.१५

गेणबाचा फोन लागत नाही. लेक धरणाच्या मागल्या अंगाला दिली आहे, तिकडे रेंज नसते. रविवारशिवाय तो येत नाही म्हणे. असा बेजबाबदार माणूस. पासपोर्ट आत, कपडे आत, गोळ्या आत. माझी पूर्ण तयारी आत आणि मी बाहेर.

मनीष करवत घेऊन आले. आई आडवी आली. प्रस्थान ठेवल्या घराचं कुलूप फोडून निघायचं असेल तर आधी मला फोडा म्हणाली. मी मनीषना करवत परत न्यायला सांगितलं. आईपुढे बोलायची आपली पद्धत नाही.

रेश्माने विचारलं, "गेणबा भावजी काय बोलले न्हाईत का तुमाला?" नाही म्हटलं. मग अंगावरचा दोन दिवसांचा शर्ट काढून द्या म्हणाली, धुवून टाकते.

१३ डिसेंबर, शनिवार, सकाळी ७.३०

रेश्माने बॅग भरली. सात पाचला बसली, सात पंचविसाला उठली. चार साड्या, दोन पंजाबी ड्रेस, पोरीसाठी शेंगदाण्याची चटणी आणि आंबेमोहोर. मनीषकडे बॅग अडकवायचा छोटा काटा आहे. सहा किलो आठशे. काट्यात काहीतरी गडबड आहे.

८.४०

वैष्णवीचा फोन. रेश्माने सगळं सांगितलं. पोरीने मला एवढंच विचारलं की आता काय करताय. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत.

९.२०

रेश्माने रात्री धुतलेला शर्ट वाळवून, इस्त्री करून खाटेवर ठेवला होता. घातला. खिशाला हात लागला. चावी. पिवळी, सुतळी बांधलेली. गेणबाची.

काल नाही, परवा संध्याकाळी दिली होती त्याने. आता आठवलं. जावळाला चाललोय, चावी तुझ्याकडे ठेव, असंच म्हणाला होता.

टॅक्सी साडेदहाला. ओढा पाच मिनिटांवर. बाहेर जाऊन फक्त सांगायचं, सापडली. दारापर्यंत गेलो. चावी परत खिशात ठेवली.

लिहून टाकतो, कुणी वाचणार नाही. भीती वाटते. विमानाची नाही. तिथे मला एकही पाटी धड वाचता येणार नाही, तिकीट कुठे लावायचं कळणार नाही, आणि पोरगी पुन्हा हात धरेल. या गावात लोक मला विचारून ट्रॅक्टर भरतात. तिथे ती मला रस्ता ओलांडून देईल. ती कंटाळणार नाही, हेच तर वाईट.

९.४०

तसं पाहिलं तर आईचंही म्हणणं आहेच, शनिवार आहे.

१०.४०

रेश्मा गेली. एकटी. इंग्रजी येत नाही, सरकत्या जिन्यावर मी तिला कधी चढताना बघितलेलं नाही. मी म्हटलं, एकटी कशी जाशील, राहू दे. म्हणाली, विचारत विचारत जाईन. टॅक्सीचं दार उघडं धरून उभी राहिली. काही राहिलं का सांगायचं, असं विचारलं. मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. तरी उभीच. मग बसली.

११.१५

आता निघालो, मनीषची मोटारसायकल घेतली, तरी दीडपर्यंत पोचेन. पण चांदणी चौकात शनिवारी काय ट्रॅफिक असतं.

१२.०५

अजूनही जमेल, पण धावपळ होईल. धावपळीत माणूस चुका करतो. जेवून घेतलं.

दुपारी ३.३०

गच्चीवर गेलो. भऱ्याहून ते विमान दिसत नाही. तरी उभा राहिलो. आईने खालून विचारलं, वर काय करतोस. टाकी बघतोय म्हटलं.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी ९.००

दात घासायला गेणबाकडे गेलो. बॅग घरी आणायची नाही म्हणते आई, प्रवास झाल्याशिवाय प्रस्थान मोडत नाही. कुलूप कसं उघडलं ते तिने विचारलं नाही. गेणबाच्या मधल्या खोलीत बॅगेशेजारी बसून गोळी घेतली. दोन जोडी बूट बघितले.

तिथेच फोन आला. आधी वैष्णवी. आई सुखरूप पोचली, विमानात शेजारच्या बाईशी मैत्री करून आली, म्हणाली. मी जेवलो का विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की येतो. हं म्हणाली. तारीख विचारली नाही. आधी विचारायची.

मग रेश्मा फोनवर आली. मागून पोरीचा आवाज येत होता, कुणाला तरी हसून काही सांगत होती. रेश्मा बाजूला गेली असावी, आवाज कमी झाला. म्हणाली, "चावी धुवायच्या शर्टात घावली व्हती. इस्त्री केल्यावर मीच परत खिशात ठिवली. म्हनलं बघू, सांगत्यात का."

मी विचारलं, पोरीला सांगितलंस का.

"न्हाई. ती म्हनत व्हती गेणबा काकांमुळं पप्पा ऱ्हायले. तसंच ऱ्हाऊ द्या."

बॅगेचं हँडल हातात होतं, सोडलं. मग तिने विचारलं, ऐकताय न्हवं.

ऐकतोय म्हटलं.